आकडे जुळले

“किती वेळ?” मोठ्या बाईंनी दारातूनच विचारले. तळघरातल्या त्या खोलीत त्या सहसा पाऊल टाकत नसत. आत बारमाही गारठा असे, आणि यंत्रांच्या घरघरीमुळे प्रत्येक वाक्य दोनदा बोलावे लागे.

“आत्ताच सांगता येणार नाही.”

“अंदाजे तरी?”

“अंदाज सांगितला की तुम्ही घड्याळ घेऊन बसता, बाई. दुपारपर्यंत धरून चाला. वर सगळ्यांना म्हणावं, आज कागदावर लिहा.”

मोठ्या बाई म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख. त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि जिना चढून गेल्या. त्यांनी अधिक घाई केली नाही, कारण खाली बसलेला माणूस कोण आहे हे त्यांना ठाऊक होते. त्याला सगळे ‘जपून’ म्हणत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कोणीही काहीही अडचण घेऊन आले की याचा पहिला शब्द तोच. जपून. आधी नक्कल काढा, मग हात लावा. चहाचा कप तो टेबलावर ठेवत नसे, खिडकीत ठेवत असे. लोक दुधाने पोळले की ताक फुंकून पितात. हा गडी न पोळताच फुंकायचा. त्याची थट्टा व्हायची, आणि थट्टा करणारेच काही हरवले की जिना उतरून त्याच्याकडे यायचे.

हे रुग्णालय जरा वेगळ्या जातीचे होते. इथे आजार बरे करत नसत. आजारातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला, बटण लावायला, बोलायला शिकवत. कोणाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली, कोणी गाडीवरून पडलेला. महिनोन्‌महिने चालणारे काम, आणि रोजची नोंद व्हायची. आज हात खांद्यापर्यंत गेला. आज चार पावले टाकली. बोलणे शिकवताना तर आवाजही टिपून ठेवत, म्हणजे पहिल्या दिवशी नुसते हुंकार देणारा माणूस साठाव्या दिवशी काय बोलतो ते त्याला स्वतःलाच ऐकवता येई.

ही सगळी शिदोरी खाली याच्या ताब्यात. चार वर्षांपूर्वी त्याने सगळा कारभार कंटेनरांत हलवला होता. तो त्यांना डबे म्हणायचा, मग वरची माणसेही तेच म्हणू लागली. एका डब्यात डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींची वही. दुसऱ्यात तो प्रोग्रॅम, ज्यावर वरची माणसे नोंदी करतात आणि आवाज टिपतात. डब्याची गंमत अशी की तो टिकवायचा नसतोच. बिघडला की मोडीत काढायचा, त्याच साच्यातून नवा करायचा. दोन मिनिटांचे काम. फक्त जे जपायचे ते डब्याच्या पोटात ठेवायचे नाही. ते बाहेरच्या कोठारात ठेवायचे आणि डब्यातून तिथवर एक वाट काढून द्यायची. “डबा गेला तर जाऊ दे, दाणे जाता कामा नयेत,” असे तो नव्या माणसांना सांगायचा आणि मग सांगितलेले बरोबर कळले का हे उलट विचारायचा.

पहाटे डिस्क काठोकाठ भरली होती. डेटाबेस लिहिता लिहिता मधेच कोलमडला आणि आता उठायला तयार नव्हता. सुरू केला की एकच ओळ दाखवायचा, अमुक पान खराब आहे, आणि पुन्हा बंद. जपूनने तीनदा करून पाहिले. चौथ्यांदा केले नाही. मेलेल्याला हलवून बघणाऱ्यांपैकी तो नव्हता. जागा मोकळी केली. खराब झालेले कोठार आहे तसे बाजूच्या डिस्कवर उतरवून घेतले. मग भिंतीवरचा कागद काढला. त्याने स्वतःच्या हाताने चार वर्षांपूर्वी लिहिलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. सगळे डबे थांबवा. सगळे काढून टाका. नवे करा. आदल्या रात्रीची नक्कल चढवा. आकडे जुळवा.

कागदाप्रमाणे तो एकेक पायरी करत गेला. डबे काढून टाकण्याची आज्ञा दिली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. अलीकडे त्याने डबे नुसते बंद-चालू केले होते. सगळेच्या सगळे काढून टाकायची वेळ दीड-दोन वर्षांत आली नव्हती. पडद्यावर एकेका डब्याचे नाव आले आणि पुढे ‘काढला’ असे उमटले.

नक्कल चढवताना पहिली ठेच लागली. नव्या डब्याला नकलेची फाईल दिसत होती, पण वाचता येत नव्हती. ‘परवानगी नाही.’ घरात पाहुणा आला आणि किल्ली शेजारच्याकडे, अशातली गत. वीस मिनिटे तो शोधत बसला. शेवटी सापडले, जुन्या डब्यातल्या वापरकर्त्याचा क्रमांक वेगळा होता, नव्यातल्याचा वेगळा. फाईल जुन्याच्या नावावर. मालकी बदलली आणि काम चालू झाले. पाऊण तास पडद्यावर ओळी धावत राहिल्या. तो जेवणाचा डबा उघडून बसला नाही, कारण ओळी थांबल्या तर कळायला हवे.

एक वाजता त्याने आकडे जुळवायला घेतले. रुग्ण, चार हजार तीनशे बारा. आदल्या रात्रीच्या नकलेबरोबर छापलेल्या कागदावर तेवढेच. सत्रे, एकसष्ट हजार दोनशे अठ्ठेचाळीस. तेवढीच. ध्वनिमुद्रणांच्या नोंदी, नऊ हजार आठशे सत्तर. तेवढ्याच. त्याने वहीत तारीख घातली आणि नेहमीचे दोन शब्द लिहिले, ‘आकडे जुळले.’ वर फोन केला. मोठ्या बाई म्हणाल्या, “जपून, तुमच्या हाताचा ठसा घेऊन ठेवायला पाहिजे.” मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो हेच करायचा. नक्कल एका जुन्या यंत्रावर चढवायची आणि आकडे जुळवायचे. चार वर्षांत एकदाही चुकले नव्हते. पण आकड्यांच्या पलीकडे त्याने कधी पाऊल टाकले नव्हते. एकही नोंद उघडून वाचली नव्हती, एकही आवाज वाजवून पाहिला नव्हता. कोणी म्हटले की अरे, एखादी तरी उघडून बघ, तर त्याचे उत्तर ठरलेले. “पोस्टमन पत्रं वाटतो, फोडून वाचत नाही.” इथे बरी होऊ पाहणारी माणसे तोंडातून लाळ गळताना, रडताना, बायकोला शिव्या देताना टिपली जातात, ते ऐकायचा आपल्याला काय अधिकार? शितावरून भाताची परीक्षा सगळे जग करते. याने शिते मोजली, अगदी इमानाने मोजली, आणि एकही कधी दाबून पाहिले नाही.

आज मात्र त्याला घाई होती, आणि ती मोठ्या बाईंची नव्हती. चार वाजता भाची येणार होती.

भाची म्हणजे त्याच्या ताईची एकुलती एक मुलगी. ताईने त्याला वाढवला. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, ताई सोळाची. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली आणि जन्मभर माणसांचे उच्चार सुधारत राहिली. भावाचे, नवऱ्याचे, भाजीवाल्याचे, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याचे. एकोणीस महिन्यांपूर्वी एका सकाळी ती स्वयंपाकघरात पडली, आणि उठली तेव्हा तिच्याकडे एकही शब्द उरला नव्हता.

त्याने तिला इथेच आणले. रांगेत नाव लावून, बाकीच्यांसारखे. ती आपली बहीण आहे हे कोणाला सांगितले नाही. ओळखीने काही घ्यायचे नाही हा ताईचाच धडा. आडनाव वेगळे, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही. संध्याकाळी भेटीच्या वेळेला तो वर जायचा, तास-दीड तास बसायचा. पण त्याच्यासमोर ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. बाकी कोणाहीसमोर चुकेल, पण ज्या भावाला पाठीत धपाटे घालून ‘श’ आणि ‘ष’ शिकवले, त्याच्यासमोर मोडके बोलायचे नाही. पाच महिन्यांत त्याने तिचा एक शब्द ऐकला नाही. मग दुसरा झटका आला.

भाची तेव्हा समुद्रापलीकडे, बाळंतपणात अडकलेली. पोचली तेव्हा आई नुसता श्वास घेत होती, मग तोही थांबला. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी मधे एकदा तिला फोनवर सांगितले होते, “तुमच्या आई तुमचं नाव घ्यायला शिकतायत. अजून जमत नाही, पण सोडत नाहीत.” तेवढ्या एका वाक्यावर पोरीने चौदा महिने काढले. रुग्णालयात रीतसर अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि आज ती यायची होती. परवाच फोनवर म्हणाली होती, “मामा, मला बाकी काही नको रे. तिने मला हाक मारलेली एकदा ऐकायचीये.”

“मिळेल,” तो म्हणाला होता. “माझ्याकडे आहे म्हणजे आहे.”

दोन वाजता वरून वाचेच्या बाईंचा फोन आला. सगळे त्यांना तसेच म्हणत.

“अहो, आवाज येत नाहीये.”

“स्पीकर बघा.”

“बघितला. वायर पण बघितली. जुने आवाज वाजतायत, दोन वर्षांपूर्वीचे. नंतरचा एकही वाजत नाही. नाव दिसतं, तारीख दिसते, दाबलं की काहीच नाही.”

“थांबा, बघतो,” तो म्हणाला. 

त्याने कोठार उघडले. जुने आवाज होते, महिन्यामहिन्याने लावलेले. एका तारखेनंतर काही नाही. मग प्रोग्रॅमच्या डब्यात शिरून पाहिले. तिथे आवाजांसाठी एक वेगळेच फोल्डर होते, त्याने कधी न पाहिलेले. रिकामे. तयार झाल्याची वेळ, आज सकाळी अकरा वाजून बारा मिनिटे.

त्याला सगळे एका क्षणात कळले, आणि तरी तो पुढचा अर्धा तास ते खोटे ठरवण्याच्या मागे लागला. मग त्याने जुनी पत्रे काढली. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी पाठवलेले पत्र समोर आले. ‘या आवृत्तीपासून ध्वनिमुद्रणे नव्या फोल्डरमध्ये जातील. ते फोल्डर कृपया बाहेरच्या कोठाराला जोडून घ्यावे. न जोडल्यास डबा काढताना मुद्रणे नष्ट होतील.’ स्वच्छ लिहिले होते. खाली त्याचे उत्तर, ‘पाहिले. आभार.’ तारीख, ताई पडली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून त्याने ते फोनवर लिहिले होते. आठवड्याने कामावर परतल्यावर नवी आवृत्ती चढवली, आणि वाट जोडायची राहून गेली.

एकोणीस महिने आवाज डब्याच्या पोटातच साठत राहिले. डबा नुसता बंद-चालू होत होता तोवर ते सुखरूप होते. रात्रीची नक्कल कोठाराची निघायची, डब्याची नाही. आवाजांच्या नोंदी डेटाबेसात, म्हणून आकडे दरमहा जुळायचे. आणि आज सकाळी त्याने स्वतःच, कागद वाचून, जपून, डबा काढून टाकला होता. ज्या महिन्यांत ताई बोलली, नेमके तेच महिने.

त्याने यंत्र थांबवले. पुसलेल्या जागेतून काही परत येते का हे पाहायचे एक साधन त्याच्याकडे होते. पण त्याच डिस्कवर पाऊण तास नक्कल चढवली होती. वाळूत पाय उमटले आणि वरून ट्रॅक्टर गेला, तसे. तास झाला. हाताला लागले ते तुकडे, बहुतेक न उघडणारे. एकच उघडला. सतरा सेकंदांचा. कोणाच्या सत्राचा ते कळायला मार्ग नव्हता.

तो हेडफोनकडे बघत बसला. सव्वीस वर्षांत त्याने ते कानाला लावले नव्हते. मग लावले.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग वाचेच्या बाई, शांत, समजावणीच्या सुरात, “घाई नाही. मी म्हणते तसं... हं, आता तुम्ही म्हणा.” आणि पुढे खरखर. तुकडा तिथेच तुटत होता. त्याने तो पुन्हा लावला. पुन्हा लावला. पलीकडे कोणीतरी श्वास घेतला आहे असे वाटायचे, आणि खरखर सुरू व्हायची. सातव्यांदा लावला तेव्हा त्याला रडू कोसळले. यंत्रांच्या घरघरीत ते कोणाला ऐकू गेले नसते, तरी त्याने सवयीने ओठ दाबून धरले.

वाचेच्या बाई जिना उतरून आल्या तेव्हा साडेतीन झाले होते. त्याने सगळे सांगितले, आडपडदा न ठेवता. त्या स्टुलावर टेकल्या.

“त्या तुमच्या बहीण होत्या हे मला अर्ज आला तेव्हा कळलं,” मग त्या म्हणाल्या. “आधी सांगायचंत ना.”

“सांगून काय? तुम्ही जास्त शिकवलं असतं?”

“नाही. तुम्हाला वर बोलावलं असतं. दाराबाहेर उभं केलं असतं. त्यांना कळलं नसतं, आणि तुम्हाला ऐकायला मिळालं असतं.”

 ताईचे सत्र अकराला असे, आणि अकराला तो दोन मजले खाली आकडे जुळवत बसलेला असायचा. एवढे सोपे होते, आणि ते त्याच्या डोक्यातही आले नव्हते.

“माझ्या नोंदी आहेत ना पण?” बाई म्हणाल्या. “त्या डेटाबेसात असतात.”

“त्या आहेत. सगळ्या आहेत.”

“मग त्या छापा. मी माणसं कशी बोलली तसंच लिहिते, काय बोलायला हवं होतं ते नाही लिहीत. कुठलं अक्षर आलं, कुठलं गेलं, सगळं. आवाज नाही, पण... द्या तिला. अर्जात नोंदींचीही मंजुरी आहे.”

त्याने यंत्र पुन्हा सुरू केले आणि छापायला टाकले. चौऱ्याण्णव सत्रे, एकतीस पाने. कागद बाहेर येत गेले तसे तो ते उपडे धरून रचत गेला. या घटकेलाही त्याची नजर ओळींवर गेली नाही.

मग त्याने एका पानावर अहवाल लिहिला आणि मोठ्या बाईंकडे नेला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

“त्या प्रोग्रॅमवाल्यांना विचारू की,” त्या म्हणाल्या. “फोल्डर बदललं त्यांनी. नुसतं एक पत्र टाकून मोकळे झाले.”

“त्यांनी कळवलं होतं. मी ‘पाहिले’ म्हणून लिहिलंय.”

“तुमच्यावर त्या वेळी काय आलं होतं हे आता मलाही कळलंय. ते लिहा ना यात.”

“ते लिहून आवाज येणारेत का, बाई? ज्यांचं माणूस गेलंय आणि ज्यांनी आवाज मागितलेत, अशी अडतीस घरं आहेत. त्यांना मी फोन करीन. पत्र नको. फोन.”

“मी माणूस लावते त्यासाठी.”

“नको,” तो म्हणाला. “ज्याच्या हातून गेलं त्यानं सांगावं.”

चार वाजून पाच मिनिटांनी भाची तळघरात उतरली. खांद्याला पिशवी, हातात छोटे हेडफोन. ते तिने वाटेतच पिशवीतून काढून ठेवले असावेत. तो उठून उभा राहिला. तिच्या हातातल्या हेडफोनकडे बघून तो जिन्यात जुळवलेली सगळी वाक्ये विसरला.

“चिमणे, बस.”

“काय झालं मामा? तुझा चेहरा का असा?”

“आवाज गेले. आईचे. सगळे.”

“गेले म्हणजे? कुठे गेले?”

“सकाळी माझ्या हातून पुसले गेले. मला वाटलं होतं बाहेर ठेवलेत. ते आतच होते. परत येत नाहीत. मी बघितलं सगळं करून.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “तू म्हणालास माझ्याकडे आहे म्हणजे आहे.”

“म्हणालो होतो.”

“तू? मामा, तू? बाकी कोणी केलं असतं तर मी...”  तिने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग एकदम म्हणाली, “तू तरी ऐकलं होतंस का? एकदा तरी?”

“नाही.”

“कधीच नाही?”

“माझ्यासमोर बोलायची नाही ती. आणि यातलं ऐकणं बरं नव्हे, म्हणून...”

“बरं नव्हे!” ती ओरडली. “तुझं ते बरं नव्हे! तू ऐकलं असतंस तर निदान तू मला सांगितलं असतंस, की अशी म्हणाली म्हणून!”

बरोबर होते तिचे. तो मान खाली घालून उभा राहिला. ओरडून झाल्यावर ती टेबलावर डोके टेकून रडली, आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे न कळून तो नुसता खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

बऱ्याच वेळाने त्याने कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. उपडाच. काय आहे ते सांगितले. तिने डोळे पुसले आणि पहिले पान उलटले.

सुरुवातीची पाने ती मनात वाचत होती. मग तिचे ओठ हलायला लागले. वाचेच्या बाईंनी खरोखरच कानाला आले तसे लिहिले होते. पाणी नव्हे, ‘पाई’. खिडकी नव्हे, ‘इकी’. भाची ते तसेच, हळू, मोठ्याने म्हणू लागली. तिचा गळा आईचा होता. फोनवर दोघींची गल्लत व्हायची. बाराव्या पानावर ती थबकली.

“‘मुलीचे नाव. पहिले अक्षर नाही, दुसरे नाही. तिसरे आले.’” तिने वाचले, आणि आपल्या नावाचे ते शेवटचे अक्षर तेवढेच म्हटले. पुढच्या दिवशीही तेवढेच. त्याच्या पुढच्या दिवशी ताईने टेबलावर मूठ आपटली होती, तीही नोंद होती. मग दोन अक्षरे. चार दिवस दोनच अक्षरे. भाची प्रत्येक दिवसाचे तसे म्हणत गेली, जेवढे आले तेवढेच, एक अक्षर जास्त नाही. अकराव्या दिवसाची ओळ तिने आधी डोळ्यांनी वाचली.

“‘पूर्ण नाव,’” ती म्हणाली. “‘दोनदा. दुसऱ्यांदा हसून.’”

तिने आपले नाव उच्चारले. मग थांबली, जमेल तेवढे हसली, आणि पुन्हा एकदा उच्चारले. तो ऐकत होता. खोलीत ताई नव्हती, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने श्वास रोखून धरला.

पाने संपत आली. शेवटचे पान तिने मनात वाचले, दोनदा वाचले, आणि मोठ्याने म्हटले नाही. बाकीची तीस पाने नीट जुळवून पिशवीत ठेवली आणि ते एक त्याच्यापुढे धरले.

“हे तुझं आहे.”

“मी वाचत नाही, चिमणे.”

“मामा, वाच.”

त्याने चष्मा लावला. शेवटचे सत्र. ‘ठरलेले शब्द म्हणायला आज नकार. स्वतःहून एकच शब्द, प्रश्न विचारावा तसा: जेवला? कोण, असे विचारल्यावर बोट खाली, जमिनीकडे. तीन वेळा. अर्थ लागला नाही. रुग्ण माझ्यावर वैतागली.’

त्याने ते वाचले आणि कागद टेबलावर ठेवला. ‘जेवला’ पूर्ण लिहिले होते. एकही अक्षर गळले नव्हते.

“आज जेवलास का?” भाचीने विचारले.

त्याने नाही अशी मान हलवली, आणि मग त्याला आवरले नाही. या वेळी त्याने ओठ दाबले नाहीत. लहान पोरासारखा, तोंड उघडे टाकून तो रडला, आणि भाचीने त्याचे डोके आपल्या खांद्यावर घेतले.

पाच वाजायला आले तेव्हा त्याने तोंड धुतले, ड्रॉवरमधून अडतीस नावांची यादी काढली आणि फोन जवळ ओढला.

“उद्या कर,” भाची म्हणाली.

“उद्या कोणीतरी आवाज न्यायला येईल. त्याच्या आधी कळायला हवं.”

“मग मी बसते.”

ती स्टूल ओढून बसली. तो उभा राहिला. पहिला क्रमांक फिरवला. तिकडे एका वयस्कर माणसाने उचलला.

“नमस्कार. मी रुग्णालयातून बोलतोय... नाही, नाही, घाबरू नका, तसं काही नाही. तुमच्या मुलाचा आवाज आमच्याकडे होता. तुम्ही मागितला होतात. तो आता नाही. माझ्या हातून गेला. हो, माझ्याच. यंत्राच्या नाही.”

तिकडे तो माणूस बोलू लागला. जपूनने दुसऱ्या हाताने खोली गार करणारा पंखा बंद केला. घरघर बरीच उतरली. फोन कानाशी घट्ट धरून तो उभा राहिला आणि पलीकडचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत मधे एक शब्द बोलला नाही.